‘आईला सांगू नका ना’ असं नववीतली मुलगी म्हणते तेव्हा

प्रश्न मोठा होता, तो आधी थोडक्यात लिहिते म्हणजे पुढचं समजेल. विचारणारी सायकॉलॉजीत एमए करून सहा महिन्यांपूर्वी एका क्लिनिकमध्ये काउन्सेलर म्हणून लागलीये. तिच्याकडे नववीतली एक मुलगी येते, अभ्यासात लक्ष नाही, चिडचिड करते म्हणून आईने आणलेली. चौथ्या सेशनला मुलीने जॅकेटची बाही वर केली आणि हातावर कापून घेतल्याचे व्रण दाखवले, म्हणाली आईला सांगू नका ना. हिने पटकन "नाही सांगणार, प्रॉमिस" म्हटलं. तिकडे आई रोज रात्री व्हॉट्सअॅप करते, "आज काय बोलली?" आता हिला झोप नाहीये. सांगितलं तर मुलगी परत येणार नाही, नाही सांगितलं आणि काही झालं तर?

तुला तू म्हणते, माझ्या मुलीच्या वयाची असशील. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, बावीस वर्षं नाशिकमध्ये लहान मुलं आणि टीनएजर्स ह्यांच्यासोबतच काम करतेय.

आधी तातडीचं. पुढचं सेशन मंगळवारी आहे असं लिहिलंयस. तोपर्यंत थांबायचं का हे एका गोष्टीवर ठरतं, तिला मरून जावंसं वाटतंय का हे तू विचारलंस का. व्रण जुने की ताजे, कधीपासून, अजून कोणाला माहितेय, हे सगळं तू लिहिलंयस, पण हा प्रश्न त्यात कुठेच नाहीये. नवीन असताना सगळे तो टाळतात, कारण भीती वाटते की आपण विचारलं आणि तिच्या डोक्यात नसलेलं आलं तर? तसं होत नाही. ह्यावर भरपूर अभ्यास झालेत आणि विचारल्याने आत्महत्येचा विचार पेरला जातो असं दिसलेलं नाही, उलट बऱ्याच मुलांना हायसं वाटतं की चला, कोणीतरी विचारलं एकदाचं. सरळ विचारायचं, "हे करतेस तेव्हा मरून जावं असं वाटतं का? की आतलं जे चाललंय ते थोडा वेळ थांबावं असं वाटतं?" आणि मग गप्प बसायचं, तिला वेळ द्यायचा. कापून घेणारी बरीच मुलं मरायला निघालेली नसतात, आतला कल्लोळ सहन होत नाही म्हणून करतात, पण ज्यांनी स्वतःला इजा करून घेतलीये त्यांना पुढे आत्महत्येचा धोका इतर मुलांपेक्षा जास्त असतो हेही खरंच आहे, त्यामुळे "अटेन्शनसाठी करते हो" असं कोणी म्हणालं, अगदी सिनियर कोणी म्हणालं तरी, तिथे मान डोलवू नकोस.

तू विचारलेलं नाहीस म्हणून मंगळवारपर्यंत थांबू नकोस. आज आईला फोन करून सेशन अलीकडे घे, "मला तिला लवकर भेटायचंय, उद्या पाठवा" एवढंच सांग, कारण पुढचं तिच्याशी बोलल्याशिवाय बोलायचं नाही. भेटीत ती हो म्हणाली, कसं करायचं, कधी करायचं हेही ठरवलेलं असलं, तर मग त्याच दिवशी पालक आणि सायकियाट्रिस्ट, ती तुझ्या केबिनमधून एकटी बाहेर पडता कामा नये. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर चोवीस तास चालतो, तो तिलाही दे आणि आईलाही दे.

आता प्रॉमिसचं बोलू.

मीही एकदा दिलं होतं. प्रॅक्टिसचं दुसरं की तिसरं वर्ष असेल, तेरा वर्षांचा मुलगा होता, घरात वडिलांचा मार, म्हणाला मी घरातून जाणार आहे पण तुम्ही कोणाला सांगायचं नाही. मी म्हटलं नाही सांगणार, पण तूही मला सांगितल्याशिवाय जायचं नाहीस. मला वाटलं होतं हा आमच्यातला करार आहे. आठ दिवसांनी तो गेला. दोन दिवसांनी मनमाड स्टेशनवर सापडला, रेल्वे पोलिसांनी आणून घरी सोडला. नंतर भेटायला आला तेव्हा मी विचारलं, मला का नाही सांगितलंस रे. तो म्हणाला, सांगितलं तर होतं. ते दोन दिवस मी कसे काढले ते मला अजून आठवतं, आणि त्याचं उत्तर तर जास्तच आठवतं. मूल जेव्हा "सांगू नका" म्हणत सांगतं ना, तेव्हा त्याच्या मनात दोन्ही असतं, कळू नये असंही वाटतं आणि कोणीतरी मोठ्या माणसाने आता हे हातात घ्यावं असंही वाटतं, आणि आपण प्रॉमिस देऊन ते ओझं परत त्याच्याच पाठीवर ठेवतो.

म्हणून माझ्याकडे गोपनीयतेचं बोलणं पहिल्या भेटीतच होतं, पहिल्या दहा मिनिटांत, आणि मूल आणि आईवडील दोघं समोर असताना. वेगवेगळं सांगितलं की मुलाला वाटतं ह्यांनी आईला काहीतरी दुसरंच सांगितलं असणार. मी मुलाकडे बघून बोलते, पालकांकडे नाही. साधारण असं असतं, "तू इथे जे बोलशील ते माझ्याकडे राहतं. कोणाशी भांडण झालं, कोण आवडतं, आईबाबांचा राग का येतो, हे मी त्यांना सांगत नाही. तीन गोष्टी मात्र मी माझ्याकडे ठेवत नाही. तुझ्या जिवाला धोका असेल, तुझ्यामुळे दुसऱ्या कोणाला मोठी इजा होणार असेल, किंवा कोणी तुझ्याशी घाणेरडं वागत असेल नाहीतर मारत असेल. तेव्हा मला मोठ्या माणसांना सांगावं लागतं. पण सांगायच्या आधी मी तुला सांगेन, आणि कसं सांगायचं ते आपण दोघं ठरवू." मग विचारते, काय कळलं ते मला सांग बघू. सात-आठ वर्षांचं मूल असेल तर एवढं लांबण लावत नाही, "तुला कुठे दुखेल किंवा तुला कोणी दुखवेल असं काही असलं तर मी आईला मदतीला बोलावेन, बाकी आपल्या दोघांत" एवढं पुरतं.

ह्यावर वडिलांचा चेहरा बघायचा. बऱ्याचदा तिथेच येतं, "आमच्यापासून लपवण्यासारखं काय आहे? फी तर आम्हीच देतोय." मी चिडत नाही, कारण ती भीती असते, आपल्या पोराच्या आयुष्यात परकी बाई शिरतेय ही. मी म्हणते, काही महत्त्वाचं असलं तर तुम्हाला कळणारच, ते मी लपवणार नाही, पण प्रत्येक वाक्य तुम्हाला कळणार हे त्याला माहीत असेल तर तो मला तेच सांगेल जे तुम्हाला घरी सांगतो, मग तुमचे पैसे वाया. हे त्यांना पटतं. कायदाही साधारण ह्याच बाजूचा आहे. २०१७ च्या मेंटल हेल्थकेअर अॅक्टमध्ये २३ वं कलम गोपनीयतेचं आहे, अठराच्या आतल्या मुलाचे प्रतिनिधी म्हणून कायदेशीर पालक असतात आणि त्यांना माहिती द्यायची सूट आहे, पण ती त्यांना त्यांचं काम करता यावं म्हणून. म्हणजे काळजी घ्यायला जेवढं लागतं तेवढं. मुलीने कोणाच्या नावाने वहीत बदाम काढलाय हे त्यात बसत नाही.

तुझ्या केसमध्ये हे बोलणं आधी झालेलं नाही, त्यामुळे आता मागे जाऊन दुरुस्त करावं लागेल. ते होतं. मुलं मोठ्यांची चूक माफ करतात, मोठ्याने ती चूक म्हणून सांगितली तर. बहाणे सांगू नकोस, "क्लिनिकचे नियम आहेत गं" असं तर अजिबात नको, कारण मग ती म्हणेल नियम आधी माहीत नव्हते का. तिला सांग, "मी तुला गेल्या वेळी प्रॉमिस केलं, ते मी करायला नको होतं, ती माझी चूक. तू दाखवलंस तेव्हा तू एकटी पडू नयेस एवढंच माझ्या मनात आलं. पण ह्या एका गोष्टीत आईला बाहेर ठेवून मी तुला सुरक्षित ठेवू शकत नाही." ती रडेल, चिडेल, कदाचित उठून जाईल. बसून राहा. मग तिला निवडू दे, आणि ही निवड खरी असू दे: ती स्वतः सांगेल आणि तू शेजारी बसशील, की तू सांगशील आणि ती शेजारी बसेल, की ती बाहेर थांबेल, की ती कागदावर लिहून देईल आणि तू वाचून दाखवशील. माझ्याकडच्या मुली बहुतेक कागद निवडतात. काय सांगायचं नाही हेही तिच्याबरोबर ठरव, व्रण सांगायचे, मैत्रिणीचं भांडण सांगायचं नाही, असं.

आणि आईला सांगताना आईची तयारी करायला विसरू नकोस. पहिल्या पाच मिनिटांत आई काय करते ह्यावर पुढचे सहा महिने ठरतात. दोन-तीन गोष्टी होतात, आई मुलीचा हात ओढून बाही वर करते, नाहीतर "आम्ही काय कमी केलं तुला" म्हणून रडायला लागते, नाहीतर मोबाइल काढून घेते. म्हणून मी आईला आधी एकटीला दहा मिनिटं घेते, अर्थात मुलीला सांगून, आणि म्हणते, "आत गेल्यावर फक्त एवढं म्हणा, बरं झालं सांगितलंस. बाकी सगळं नंतर." एका आईने हे वाक्य तळहातावर पेनने लिहून घेतलं होतं. आत आली, मूठ उघडली, वाचलं, आणि मुलीकडे बघून म्हणाली. मुलीने ते बघितलं आणि दोघी एकदम रडायला लागल्या. त्या मुलीचं आता लग्न झालंय.

आईला मग कामाचं सांगायचं. घरातली औषधं, उंदराचं औषध, शेत असेल तर फवारणीची औषधं, सगळं कुलपात, आणि किल्ली तिला माहीत नसलेल्या ठिकाणी. ह्याने काय होणार असं लोकांना वाटतं, पण आवेग बऱ्याचदा काही मिनिटांचा असतो आणि त्या मिनिटांत हाताशी काही नसलं तर तो ओसरू शकतो. रोज हात तपासायचे नाहीत. रात्री झोपायच्या आधी दहा मिनिटं तिच्याजवळ बसायचं, प्रश्न न विचारता.

व्हॉट्सअॅपचं: रोजच्या मेसेजला रोज उत्तर देत राहिलीस तर तू नकळत रिपोर्टर होतेस. आईला सांग की महिन्यातून एकदा आपण तिघी बसू, मधे काही काळजीचं वाटलं तर मला फोन करा, मेसेजवर मी सेशनबद्दल लिहीत नाही. आणि मुलीला सांग की आईचा फोन आला होता, काय विचारलं, मी काय सांगितलं. आई जर मुलीची डायरी वाचून त्यातलं तुला फोटो काढून पाठवत असेल, हे फार होतं, तर तो फोटो उघडून त्यावर सेशनमध्ये विषय काढू नकोस. मुलगी हुशार असते, तिला लगेच कळतं.

आता जिथे आपल्याला निवडच नाही ते. पॉक्सो. २०१२ च्या ह्या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांच्या आतल्या मुलावर लैंगिक अत्याचार झालाय हे कळलं, किंवा होण्याची शक्यता आहे असं वाटलं, तर स्पेशल जुवेनाइल पोलीस युनिटला किंवा स्थानिक पोलिसांना कळवणं कोणावरही बंधनकारक आहे, काउन्सेलर काही वेगळी नाही. कलम १९. न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही, आणि संस्थेचा प्रमुख असेल आणि त्याने हाताखालच्या माणसाने केलेला गुन्हा कळवला नाही तर वर्षापर्यंत. चांगल्या हेतूने कळवलं तर तुझ्यावर कारवाई होत नाही. आईवडील म्हणतील घरातली गोष्ट आहे, काकाच आहे, आपण बघून घेऊ, मुलीचं लग्न व्हायचंय. मी हे इतक्या वेळा ऐकलंय. तिथे पालकांची परवानगी लागत नाही, आणि कळवायचंच आहे तर "कळवू का?" असं विचारू नये, "कळवावं लागतं, तुमच्या सोबत राहून करू" असं सांगावं.

तिथे आपलं काम काय आणि काय नाही हे नीट डोक्यात ठेव. तपास आपलं काम नाही. मूल बोललं की ऐकायचं, त्याच्याच शब्दांत लिहून ठेवायचं, "त्याने मला शूच्या जागी हात लावला" असं म्हणालं तर तेच लिहायचं, आपले मोठे शब्द घालायचे नाहीत, आणि "मग त्याने असं केलं का? तसं केलं का?" असे तोंडात शब्द घालणारे प्रश्न तर नाहीच नाही, कारण उद्या कोर्टात नेमकं तेच उलटतं आणि मुलाची खरी गोष्ट खोटी ठरते. मुलाला सांगायचं की तुझं काही चुकलेलं नाही, आणि पुढे काय होणार. कायद्यात मुलांसाठी चांगल्या तरतुदी आहेत, जबाब घरी किंवा मुलाला हव्या त्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेशात नाही, रात्री पोलीस स्टेशनला ठेवायचं नाही. पालकांना ह्यातलं काही माहीत नसतं, त्यांच्या डोळ्यासमोर ठाण्याचा बाक असतो. हे त्यांना सांगितलं की अर्धी भीती कमी होते. चाइल्ड वेल्फेअर कमिटीकडून (बालकल्याण समिती) सपोर्ट पर्सन, म्हणजे तपासात आणि खटल्यात मुलाच्या सोबतीला राहणारी व्यक्ती मिळू शकते, तीही मागून घ्यायची. १०९८ ही मुलांसाठीची हेल्पलाइनही लक्षात असू दे.

ह्यात मला सगळ्यात अवघड जाते ती सतरा वर्षांच्या मुलीची केस, बॉयफ्रेंड एकोणीसचा, दोघांच्या मर्जीने चाललेलं. २०१२ पर्यंत संमतीचं वय सोळा होतं, पॉक्सोने ते अठरा केलं, म्हणजे कायद्याच्या नजरेत तिची संमती संमतीच नाही, आणि मी कळवलं तर तो मुलगा जेलमध्ये आणि ती घरात कोंडलेली. २०२३ मध्ये लॉ कमिशनने वय कमी करू नका पण सोळा ते अठराच्या अशा केसमध्ये शिक्षा ठरवताना कोर्टाला विचार करायची मुभा द्या असं सुचवलं. २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने गर्भपात करणाऱ्या डॉक्टरला अशा अल्पवयीन मुलीचं नाव उघड न करण्याची सूट दिली, पण ती डॉक्टरपुरती आहे, तुझ्या-माझ्यासाठी नाही. माझं मत हा कायदा ह्या वयाच्या मुलांना डॉक्टरपासून, काउन्सेलरपासून लांब ढकलतो असंच आहे आणि मी ते जिथे संधी मिळेल तिथे बोलते. पण मत वेगळं आणि लायसन्स वेगळं, मी तुला कायदा मोडायला सांगणार नाही. मी एवढंच करते की टीनएजर्सना पहिल्याच दिवशी ह्या विषयातली माझी मर्यादा उदाहरण देऊन स्पष्ट सांगते, म्हणजे काय बोलायचं आणि काय नाही हे ती स्वतः ठरवू शकतात. कळवायची वेळ आली की वकिलाशी आणि सुपरवायझरशी बोलून, मुलीला आधी सांगून.

मुलं आपल्याकडे येत नाहीत, आणली जातात, हे विसरायला होतं. मोठा माणूस नको वाटलं की येणं बंद करतो. मुलाला तो हक्क नाही. सही आईबापाची, अठरापर्यंत तीच चालते, पण मुलाचं "हो" वेगळं घ्यायचंच असतं. माझ्याकडे एकदा आठ वर्षांच्या मुलाला आईस्क्रीम खायला जाऊ म्हणून आणलं होतं. दारावरची पाटी वाचून तो म्हणाला, हे तर डॉक्टर आहेत. मी त्या दिवशी सेशन घेतलं नाही, आईला म्हटलं आज खरंच आईस्क्रीम खायला घेऊन जा आणि तिथे त्याला सांगा की आपण कोणाकडे जाणारोत आणि का. पुढच्या आठवड्यात आला, नाराज होता पण आला. तू विचार की तुझ्या मुलीला चौथ्या सेशनपर्यंत कोणी विचारलंय का, तुला यायचंय का, आणि तुला काय बदलायला हवंय. आईचा प्रॉब्लेम "अभ्यासात लक्ष नाही" होता. मुलीचा तो नसेलच.

ह्यावरूनच बिहेविअरच्या टेक्निक्सबद्दल लिहिते, कारण तू शेवटी विचारलंयस की लहान मुलांना स्टार चार्ट, टाइम-आउट हे सगळं द्यायचं का. द्यायचं, ते चालतं, नीट केलं तर खूप चांगलं चालतं. म्हणूनच जपून. ज्या गोष्टीने दुसऱ्या जिवाचं वागणं बदलता येतं तिथे पहिला प्रश्न हाच, की बदल कोणासाठी. सहा वर्षांचा ऑटिझम असलेला मुलगा होता, आनंद झाला की हात फडफडवायचा. शाळेने लिहून दिलं की हे बंद करा आणि चाळीस मिनिटं एका जागी बसवा. आईने चार्ट केला, हात खाली ठेवले की एक स्टार. पंधरा दिवसांत फडफड बंद झाली, आई खूश, शाळा खूश. आणि मुलगा नखं खायला लागला, रक्त येईपर्यंत. मी बघितलं, तो केबिनमध्ये भिंगरी फिरताना बघत होता, हात उचलायला गेला आणि आईकडे बघून मांडीखाली दाबून धरले. तो चार्ट आम्ही त्याच दिवशी फाडला. फडफडीने कोणाला त्रास होत नव्हता. नवीन चार्ट केला तो "थांब", "नको", "शू लागली" हे सांगता येण्यासाठी, कार्डं दाखवून, त्याला उपयोगी पडणाऱ्या गोष्टींसाठी.

ह्या विषयाचा इतिहास माहीत असू दे. १९८७ सालचा लोव्हास ह्या अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञाचा अभ्यास, ज्याच्यावर ऑटिझमची बिहेविअर थेरपी बरीचशी उभी राहिली, त्यात आठवड्याला चाळीस तासांच्या ट्रेनिंगबरोबर जोरात "नो" आणि कधीकधी मांडीवर चापट हेही होतं, आणि ते पेपरमध्येच लिहिलंय. त्या काळी चाललं. आज आपण असं करत नाही, पण घरोघरी त्याची भावंडं आहेत. डबा नाही देणार, बाथरूममध्ये कोंडते, लाइट बंद करते. टाइम-आउट म्हणजे मजा थांबवणं, दोन-चार मिनिटं, आईच्या नजरेसमोर, उजेडात. अंधारी बाथरूम म्हणजे शिक्षा, आणि ती तुझ्या सल्ल्याने झाली तर तुझीही जबाबदारी. म्हणून पालकांना "टाइम-आउट द्या" एवढं सांगून पाठवू नकोस, समोर करून दाखव. कमावलेला स्टार परत काढून घ्यायचा नाही. जेवण, झोप, आईची कूस ह्या गोष्टी बक्षिसात ठेवायच्याच नाहीत, त्या मुलाच्या हक्काच्या.

आणि दुर्लक्ष करा असा सल्ला देताना दोन गोष्टी सांगाव्याच लागतात. रडून हट्ट करणाऱ्याकडे लक्ष देणं थांबवलं की आधी रडणं वाढतं, मग कमी होतं. हे आईला आधी सांगितलं नाही तर तिसऱ्या दिवशी ती हरते, चॉकलेट देते, आणि मूल शिकतं की अजून जोरात रडलं की मिळतं, म्हणजे आपण आधीपेक्षा वाईट करून ठेवलं. आणि दुसरं, भीतीने किंवा दुखतंय म्हणून रडणाऱ्या मुलाकडे दुर्लक्ष करायचं नाही. हट्ट की भीती हे ओळखता येईपर्यंत हा सल्ला द्यायचाच नाही. नववीतल्या तुझ्या मुलीच्या घरी कोणी "लक्ष देऊ नका, आपोआप बंद करेल" म्हटलं असेल तर ते आजच थांबव.

बाकी छोट्या गोष्टी पटापट. लहान मूल येऊन मिठी मारतं, मी ती नाकारत नाही, पण मी पुढे होऊन मारत नाही, आणि दाराला काच आहे. संक्रांतीला तिळगूळ, दसऱ्याला आपट्याची पानं, मुलाने काढलेलं चित्र, हे घेते, न घेतलं तर मुलाला वाटतं माझंच काहीतरी चुकलं. राखी बांधायला एक मुलगी माझ्या पुरुष सहकाऱ्याकडे आली होती, त्याने आईला आत बोलावून तिच्यासमोर बांधून घेतली आणि नंतर मुलीशी बोलला की भाऊ आणि थेरपिस्ट ह्यात फरक काय, मला ते आवडलं. साडी, पाकीट, सोन्याचं नाणं नाही. इन्स्टावर फॉलो रिक्वेस्ट आली तर तशीच पडू द्यायची नाही, सेशनमध्ये सांगायचं की मी कोणाच्याच घेत नाही.

आईवडील वेगळे झालेले असतील तर पहिल्या फोनवरच विचार की ताबा कोणाकडे आहे, कोर्टाचा कागद बघ, आणि सांग की मी थेरपिस्ट आहे, मूल कोणाकडे राहावं ह्याचा रिपोर्ट मी देणार नाही. ह्या एका वाक्याने खूप मुलं वाचतात, कारण नाहीतर प्रत्येक सेशननंतर दोन वकील वाट बघत असतात. शाळेत काम करणार असशील तर तिथेही पहिल्या आठवड्यात मुख्याध्यापकांशी असंच स्पष्ट बोलून घे, फाइल स्टाफरूमच्या कपाटात जाणार नाही आणि शिक्षकांना मी फक्त वर्गात काय मदत करायची तेवढं सांगेन. जुलै २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना किमान एक प्रशिक्षित काउन्सेलर नेमायला सांगितलंय, तुझ्यासारख्या खूप मुलींना ह्या नोकऱ्या मिळतील, लातूर-नांदेडच्या कोचिंगपर्यंत, आणि तिथे तुम्हाला कोणी हे शिकवणार नाहीये.

शेवटचं तुझ्याबद्दल. तू एकटीने हे सांभाळायचं नाहीयेस. ज्यांच्या क्लिनिकमध्ये आहेस त्या सिनियरना आजच सांग, प्रॉमिसचंही सांग. ते सुपरव्हिजन देत नसतील तर बाहेर कोणी शोध, पैसे देऊन घ्यावी लागली तरी घे. कापून घेणारी मुलगी सहा महिन्यांच्या अनुभवावर एकटीने बघायची नसते, ह्यात कमीपणा काही नाही, मी आजही अशी केस सायकियाट्रिस्टबरोबरच बघते. आणि लिहून ठेव, तारीख घालून, तिने काय सांगितलं, तू काय विचारलंस, कोणाला कधी कळवलंस.

उद्या ती आली की लगेच व्रणांवर जाऊ नकोस. नाशिकला आत्ता उन्हाळा आहे, तुझ्या गावीही असेल, आणि ती जॅकेट घालून येईल. पंखा मोठा कर, पाणी दे, आणि मग म्हण, "गेल्या वेळी मी तुला एक प्रॉमिस दिलं होतं, त्याबद्दल मला बोलायचंय." पुढचं तिच्या वेगाने. रात्री मला काय झालं ते लिही, मी जागी असेन.